'शेतीचा हिशोब लावू नये' हे वाक्य कुणाच्या फायद्याचं?



फेब्रुवारी लागला की गावात गटसचिवाच्या चकरा वाढतात. बँकेचा फोन येतो, फायनान्सवाल्याची मोटारसायकल दारात उभी राहते. मार्चएंड. अशा वेळी पारावर बसलेल्यांपैकी एक जण हमखास म्हणतो, "शेतीचा हिशोब लावू नये. हिशोब लावला तर शेती होतच नाही." बाकीचे माना डोलावतात, चहा येतो, विषय संपतो.

या वाक्याचा मला राग आहे. ते ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण त्यानं आपलं जेवढं नुकसान केलंय तेवढं खोडकिडीनंही केलं नसेल. हे वाक्य कुणाच्या फायद्याचं आहे ते आधी बघा. सावकाराच्या, उधारीवर माल देणाऱ्या दुकानदाराच्या आणि घरातल्या बाईपासून कर्ज लपवणाऱ्या कारभाऱ्याच्या. शेतकऱ्याच्या फायद्याचं ते कधीच नव्हतं.

जरा विचार करा, गावात हिशोब कुणाचा होत नाही? सालगड्याचं साल पाडव्याला फिरतं, त्या दिवशी त्याची उचल, खाडे, धान्य सगळं मांडून पै न् पैचा निकाल लागतो. आडत्याकडं पट्टी असते, दुकानदाराकडं वही असते आणि तो दिवाळीत तिची पूजा करतो. सोसायटीत खतावणी असते. फक्त ज्याच्या जिवावर या सगळ्या वह्या भरतात, त्याच्या घरात वही नाही. आपलं देणं किती, हे आपल्याला दुसऱ्याच्या वहीतून कळतं. तो सांगेल तो आकडा.

हे आजचं नाही. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले. त्यांनी मुख्यतः काय मागितलं? कर्जरोखे आणि वह्या. त्या हातात आल्यावर जाळल्या. दख्खनचे दंगे म्हणून पुस्तकात तो धडा आहे. पुढं १८७९ चा कायदा झाला, त्यात शेतकऱ्याला पैसे दिल्याची पावती आणि आपल्या खात्याचा उतारा मागायचा हक्क मिळाला. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाला कळलं होतं की कर्जाचा कागद एकाच बाजूच्या घरात असतो, तीच खरी अडचण आहे. आपण आज मोबाईलवर सॅटेलाईटचा पावसाचा नकाशा बघतो, पण सोसायटीचा खातेउतारा मागायला लाजतो.

नवं-जुनं म्हणजे फेड नव्हे

मार्चमध्ये आपण जे करतो त्याला आपण "कर्ज भरलं" म्हणतो. खरं काय होतं ते मांडतो. समजा सोसायटीचे दोन लाख आहेत. घरात चाळीस हजार निघाले. उरलेले एक लाख साठ हजार आठ-दहा दिवसांसाठी कुणाकडून तरी आणायचे, शेकडा दोन रुपये देऊन. त्याचे झाले ३,२००. भरणा केला, बेबाकी झाली, नवं कर्ज मंजूर झालं, त्यातून आणलेले परत केले. पेढे वाटायचेच काय ते बाकी. पण १ एप्रिलला तुमच्या डोक्यावर किती आहेत? दोन लाखच. वर ३,२०० गेले.

नवं-जुनं करू नका असं मी म्हणत नाही. उलट आकडा सांगतो की करा. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज ७ टक्क्यांनं मिळतं, वेळेत भरलं तर केंद्राची ३ टक्क्यांची सूट आणि आपल्या राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना धरून ते शून्य टक्क्यावर येतं. दोन लाखांवर वर्षाचं ७ टक्के व्याज १४,००० होतं. चौदा हजार वाचवायला तीन हजार दोनशे गेले तर सौदा वाईट नाही. पण तीन गोष्टी आधी विचारा. नवी मंजुरी किती दिवसांत, नवी रक्कम जुन्याएवढीच की कमी, आणि आपल्या खात्याची शेवटची तारीख नेमकी कोणती. मंजुरीला महिना लागला किंवा रक्कम कमी झाली, की आठ दिवसांचे पैसे आठ महिन्यांचे होतात. गावातले निम्मे सावकारी व्यवहार असेच सुरू होतात.

आणि उतारा घ्याच. विम्याचा हप्ता, शेअर्सची कपात, कुठली कुठली फी, ओळीओळीनं वाचा. २०२० च्या खरिपापासून कर्जदारालाही पीकविमा ऐच्छिक आहे. नको असेल तर मुदतीत लिहून द्यावं लागतं. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयातला विमा राहिलेला नाही, खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के आणि रब्बीला दीड टक्का हप्ता आपल्या खिशातून जातो. तो कुठल्या पिकाचा आणि किती क्षेत्राचा कापला, हे आपल्याला माहीत नसेल तर नुकसान झाल्यावर भांडणार कशावर?

माफीची वाट

आता सगळ्यात नाजूक विषय. बरेच जण म्हणतात, भरूच नका, माफी येणार आहे. मुख्यमंत्र्यांनी २०२५ मध्ये, ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ असं जाहीर केलं होतं, हे खरं. माफी मागण्यात लाज नाही, ती मिळायला पाहिजे या मताचा मी आहे. सप्टेंबर २०२५ च्या पावसानं आमच्या मराठवाड्यात रानं खरवडून नेली, ते काय शेतकऱ्याच्या हलगर्जीनं नाही झालं.

पण घोषणेवर घर चालवता येत नाही. २०१७ ला दीड लाखापर्यंत माफी झाली, तेव्हा नियमित भरणाऱ्याला २५ टक्के, जास्तीत जास्त २५ हजार मिळाले. २०१९ च्या योजनेत दोन लाखांपर्यंत माफी आणि नियमित भरणाऱ्याला ५० हजारांपर्यंत. दोन्ही वेळा अटी नंतर कागदावर आल्या आणि त्या अटींत कितीतरी जण अडकले. म्हणून अटी कागदावर येईपर्यंत ती रक्कम हिशोबात "येणं" म्हणून लिहायची नाही. २०२५ च्या अतिवृष्टीच्या तालुक्यांत वसुलीला स्थगिती आणि कर्जाच्या पुनर्गठनाची सवलत जाहीर झाली होती, अशी सवलत लागू असेल तर जरूर घ्या. पण स्थगिती म्हणजे माफी नव्हे. त्या काळातलं व्याज कुणाकडं, आणि जूनमध्ये नवं कर्ज मिळणार का, हे दोन प्रश्न बँकेला लेखी विचारा.

आणि एक गोष्ट पारावर कुणीच बोलत नाही. या दोन्ही माफ्या बँकेच्या आणि सोसायटीच्या कर्जाच्या होत्या. फायनान्सचा हप्ता, दुकानाची उधारी, हातउसने, सराफाकडं ठेवलेली पोत यातलं काहीच त्यांत माफ झालं नाही. आता आपल्या घरात महाग कर्ज कोणतं आणि स्वस्त कोणतं, हे बघा म्हणजे कळेल की आपण शून्य टक्क्याच्या कर्जाची चिंता करतो आणि चाळीस टक्क्याचं विसरून जातो.

एक पान

आमच्या घरात २०११ पासून दर फेब्रुवारीत एक पान लिहिलं जातं. वही साधी, पोराच्या शाळेची. पाच रकाने: कुणाचं देणं, कुणाच्या नावावर, आज बाकी किती, वर्षाला व्याज किती टक्के, कधी द्यायचं. देणं कितीही लहान असो, पानावर येतं. किराणा दुकान, डॉक्टर, ट्रॅक्टरवाला, मेहुण्याचे उसने, सगळं.

खरा खेळ चौथ्या रकान्यात आहे. जो तो वेगळ्या भाषेत व्याज सांगतो, ते सगळं वर्षाच्या टक्क्यात आणा.

शेकडा तीन म्हणजे महिन्याला तीन, वर्षाला ३६ टक्के. शेकडा पाच म्हणजे ६०.

दुकानात औषधाची बाटली रोखीनं ९०० ला आणि उधारीनं १,०५० ला. पैसे पाच महिन्यांनी, माल विकल्यावर. दीडशे रुपये वाटतात थोडे, पण ९०० वर पाच महिन्यांचे १५० म्हणजे वर्षाला ४० टक्के झाले. वहीवर व्याज असा शब्द कुठंच नसतो, म्हणून आपल्याला ते कर्ज वाटत नाही.

गटाचं किंवा फायनान्सचं ५०,००० कर्ज, "फक्त १२ टक्के", वर्षभर महिना ४,६६७ चा हप्ता. हे १२ टक्के पूर्ण पन्नास हजारांवर बारा महिने धरलेत, तुम्ही मात्र दर महिन्याला मुद्दल परत देताय. घटत्या बाकीवर काढलं तर ते साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातं. मागताना विचारायचं, "घटत्या बाकीवर किती?" रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे की अशा कर्जाचं कार्ड कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचं, घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, आणि मुदतीआधी फेडलं तर दंड लावायचा नाही. हे कार्ड आपल्या घरात कुठं आहे, ते आज शोधा.

रकाना भरला की फेडीचा क्रम आपोआप दिसतो. आपल्याकडं रीत अशी की जो दारात येऊन मोठ्यानं बोलतो त्याला आधी द्यायचं. क्रम असा पाहिजे: पीककर्ज तारखेच्या आत, कारण तारीख चुकली की शून्याचं सात होतं. त्यानंतर हातात उरलेला प्रत्येक रुपया सगळ्यात जास्त टक्केवारीच्या देण्यावर. घरात सोनं पडून असेल आणि बाहेर शेकडा पाचचं देणं असेल, तर बँकेत सोनं ठेवून ते देणं मोडणं हे पाप नाही. ३६ आणि ६० टक्के भरत राहणं हे पाप आहे. आणि विनापरवाना सावकारी हा २०१४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, तालुक्याच्या सहायक निबंधकाकडं तक्रार करता येते, हेही लक्षात असू द्या.

दुसऱ्या बाजूला येणं लिहा. पीएम किसानचे ६,००० आणि नमो शेतकरीचे ६,००० मिळून वर्षाला १२,०००, म्हणजे महिन्याला हजार. दूध, शेळी, पोराचा पगार, बाईची मजुरी, जे असेल ते. नुकसानीचं अनुदान वेगळ्या ओळीत लिहायचं, पिकाच्या उत्पन्नात मिसळायचं नाही. मिसळलं की तोट्यातलं पीक नफ्यात दिसतं.

तिसरी बाजू, जूनपर्यंत काय लागणार. पोरांची फी, एखादं लग्न, बियाणं, खत. बियाण्याचं आत्ताच बघा. यंदा भिजलेलं सोयाबीन बियाण्याला ठेवलं असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासा. सत्तरच्या आत आले तर ते बियाणं नाही, विकायचा माल आहे. हे आत्ता कळलं तर पैशाची तजवीज होते, जूनमध्ये कळलं तर उधारी होते.

कृषी तज्ज्ञांना

या पानावर कृषी विभागाची, विद्यापीठाची, कंपन्यांची मंडळीही वाचतात. तुमच्या मेळाव्यात एकच भाषा चालते, एकरी क्विंटल. बारा क्विंटल काढणाऱ्याला फेटा बांधता. त्याला खर्च किती आला हे स्टेजवर कुणी विचारल्याचं मी पाहिलं नाही.

माझ्या खालच्या रानाचा २०२५ च्या खरिपाचा एक एकर सोयाबीनचा हिशोब देतो. नांगरट, पाळी, पेरणी ३,६००. बियाणं २,७००. खत २,२००. तणनाशक आणि फवारण्या ३,४००. खुरपणी १,५००. काढणी ४,५००. मळणी १,३५०. वाहतूक, हमाली ५५०. एकूण १९,८००. माल साडेचार क्विंटल, भाव ४,१५०, पट्टी १८,६७५ ची. तोटा १,१२५. यात आम्हा नवरा-बायकोच्या २२ हजेऱ्या धरल्या नाहीत. चारशेनं त्या ८,८०० होतात. म्हणजे खरा तोटा ९,९२५. त्या हंगामाचा हमीभाव ५,३२८ होता. त्या भावानं सगळा माल गेला असता तर २३,९७६ आले असते, खर्च निघाला असता, पण मजुरी निम्मीच सुटली असती.

आता पुढच्या वेळी नवं टॉनिक सुचवताना एवढंच सांगा, ते एकरी किती रुपयांचं, आणि ते पैसे परत यायला किती किलो जास्त पिकलं पाहिजे. ४,१५० च्या भावानं ८३० रुपयांच्या बाटलीला २० किलो जास्त यायला हवं. येतं का? प्लॉटच्या बोर्डावर हे दोन आकडे लिहा, मग आम्ही टाळ्या वाजवू.

पारावरच्या लोकांना यातून एक उत्तर मिळतं. "भावच नाही तर हिशोब कशाला?" हिशोबानं भाव वाढत नाही, कबूल. पण खालच्या चिबड रानाची तीन वर्षांची पानं एकाशेजारी एक ठेवली, तर तिथं सोयाबीन सलग तोट्यात आणि वरच्या रानात नाही, हे दिसलं. भाव दोन्ही रानांना एकच होता. यंदा खाली चर काढल्याशिवाय सोयाबीन पडणार नाही. हा निर्णय मला कुठल्या भाववाढीनं दिला नाही, पानानं दिला.

आणि भाव मागायला तरी कागद लागतोच की. हमीभाव ठरताना खर्च मोजतात, त्यात घरच्या माणसांची मजुरीही धरतात. स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि भांडवलाचं व्याज धरा, यासाठी संघटना कित्येक वर्षं भांडतायत. बरोबर भांडतायत. पण आपल्या बायकोच्या हजेऱ्या आपणच वहीत धरत नाही, तर सरकारनं धराव्यात हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मोर्चात घोषणा देणाऱ्या हजार माणसांच्या खिशात प्रत्येकी एक खर्चाचं पान असेल, तर त्या मोर्चाला उत्तर देणं कुठल्याही मंत्र्याला जड जाईल.

उलट्या बाजूनं, शेतकरी हिशोब ठेवत नाही म्हणूनच कर्जात आहे असं म्हणणाऱ्या शहरी शहाण्यांनाही वरचंच पान दाखवतो. हिशोब चोख आहे, तरी तोटा ९,९२५ आहे. आता बोला.

पान मोठ्यानं वाचा

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. हे पान लिहून कपाटात ठेवायचं नाही. घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांसमोर मोठ्यानं वाचायचं. कारभारणीसमोर, म्हाताऱ्या आई-वडिलांसमोर, सोळा वर्षांच्या वरच्या पोरा-पोरींसमोर.

"घरच्यांना कशाला ताप" म्हणणारे पुष्कळ आहेत. आमच्या भागात कर्ता माणूस अचानक गेल्यावर काय होतं ते मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय. दहावा होत नाही तोवर दारात माणसं येतात. दादांकडून पन्नास येणे आहेत. आबांनी एक लाख नेले होते. बाई दारात उभी, पदर डोक्यावर. खरं कोण, खोटं कोण, तिला माहीत नाही. कागद सगळा येणाऱ्याच्या हातात. नवऱ्यानं तिला तापापासून वाचवलं म्हणे! आणि एकटाच ते आकडे डोक्यात घेऊन फिरणाऱ्या माणसाचं काय होतं, हे मराठवाड्यात मी वेगळं सांगायला नको. आकडा चार जणांत वाटला की तो तेवढाच राहतो, पण एकट्याच्या उरावर राहत नाही.

बाईच्या नावावर गटाचं कर्ज असतं आणि ते नवऱ्याला माहीत नसतं, असंही होतं. तेही त्याच पानावर, त्याच दिवशी, न भांडता.

पानाच्या मागच्या बाजूला हे लिहा: कुठल्या खात्याला वारस कोण, सातबारावर कुणाचं नाव लागायचं राहिलंय, विमे कोणते. जीवनज्योतीचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये मेअखेर खात्यातून जातात. तेवढे ४५६ शिल्लक नसले तर प्रत्येकी दोन लाखांचं संरक्षण चारशे-साडेचारशे रुपयांपायी जातं. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूला गोपीनाथ मुंडे योजनेतून दोन लाख आहेत. हे घरात किमान दोघांना माहीत पाहिजे, कारण एकाला माहीत असेल आणि तोच गेला तर उपयोग काय?

 सालगड्याचा हिशोब पाडव्याला करणारच आहात. त्याच्या आदल्या संध्याकाळी स्वतःच्या घराचा करा. एक वही, एक पेन, तासभर वेळ, आणि टीव्ही बंद. माझा कुठला आकडा चुकीचा वाटला तर तुमचं पान समोर ठेवून सांगा. पारावरचं ते वाक्य मात्र सांगू नका, ते पुरतं ऐकून झालंय.